टोपी, पगडी, नथ

निजामाच्या हैदराबादेत माणूस आधी डोक्यावरून ओळखला जायचा, चेहऱ्याचा नंबर मग लागायचा, असं आजोबा सांगत. दरबारात जायचं तर दस्तार आणि कमरेला बगलूस. कचेरीत रूमी टोपी. सावकाराची पगडी निराळी, खटल्यासाठी खेड्यातून आलेल्या पाटलाचा फेटा निराळा. बोडक्या डोक्यानं रस्त्यावर दिसला तो एक तर सुतकातला, नाही तर विलायतेहून नुकता उतरलेला. अंबरपेठेतल्या आमच्या घरात दाराशी दोन खुंट्या होत्या. एकीवर काळी शेरवानी आणि लाल रूमी टोपी, दुसरीवर सदरा आणि उपरणं. कचेरीतून आले की आजोबा पहिली खुंटी भरायचे, धोतर नेसायचे, दुसरी रिकामी करायचे आणि मगच घरात बोलायला लागायचे. उंबऱ्याबाहेर त्यांची भाषा उर्दू, आत मराठी. आजी म्हणायची, "पहिल्या खुंटीवरच्या माणसाला मी कधी जेवायला वाढलंच नाही. तो कसा होता ते कचेरीला ठाऊक."

आजोबा परभणी जिल्ह्यातले. मनमाडहून निघालेली निजामाची मीटरगेज गाडी औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत करत इकडे यायची, आणि नोकरी शोधायला निघालेला मराठवाडा काचीगुड्याला उतरायचा. उतरलेली माणसं स्टेशनापासून फार लांब गेली नाहीत. ज्यांना परवडलं ती सुलतान बाजार, बरकतपुऱ्यात राहिली. ज्यांना अंगण हवं होतं आणि भाडं कमी, ती पूर्वेला मुसीच्या अंगानं अंबरपेठेत आली. तेव्हा इथं शहर संपत होतं. आज सहा नंबरच्या चौकात रस्ता ओलांडायला जीव मुठीत धरावा लागतो, तिथं आजोबांच्या सांगण्यात आमराई असायची. ती आमराई दर वर्षी थोडी मोठी व्हायची, हेही खरं.

आजोबांचा तरुणपणचा एकच फोटो, पण त्याच्या दोन प्रती आमच्याकडे आहेत आणि दोन्हींत माणूस वेगळा आहे.

ही हकीकत आजीच्या तोंडून ऐकण्यासारखी होती. १९२८च्या सुमाराला मालखात्यात कारकून म्हणून चिकटल्यावर आजोबांनी सुलतान बाजारातल्या एका स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेतला. कचेरी सुटल्यावर गेले, म्हणजे अंगावर शेरवानी, डोक्यावर रूमी टोपी. मागे इटालियन खांबांचा रंगवलेला पडदा, शेजारी तिवईवर कागदी फुलं. घड्याळाची साखळी स्टुडिओची. फोटोवाल्यानं दोन वेळा "साब, हिलना नक्को" म्हटलं आणि आजोबा नंतरची दोन मिनिटं श्वाससुद्धा घ्यायला विसरले, ते फोटोत दिसतं. हा फोटो नांदेडला मुलीकडे गेला. मुलीच्या मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कळवलं, मुलगा चांगला आहे, पण आपल्यातला दिसत नाही. दुसरा पाठवावा.

दुसरा काढायचा तर पुन्हा पैसे. स्टुडिओत टचिंग करणारा एक म्हातारा होता. काचेच्या निगेटिव्हवर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीनं सुरकुत्या पुसणं, देवीचे व्रण भरणं, छापलेल्या प्रतीवर ब्रशनं गालाला लाली देणं हे त्याचं रोजचं काम. तो म्हणाला, फोटो कशाला, टोपीच बदलतो की! पण मराठी माणसाची पगडी त्यानं पाहिलेली ती फक्त लोकमान्यांच्या तसबिरीत. त्यानं तीच काढली. परभणीकडच्या माणसाच्या डोक्यावर पुण्याची पगडी बसली आणि सोयरीक जमली. आजोबांनी तशी पगडी जन्मात घातली नाही. लग्नात त्यांच्या डोक्याला फेटा होता. आजी सांगायची, "मला कोण विचारायलंय? पण दाराआडून फोटो बघितला होता मी. होकार दिला तो पगडीला, गळ्यात माळ पडली ती फेट्याच्या, आणि हैदराबादेत येऊन बघते तर टोपी."

भिंग लावून पाहिलं तर पगडीच्या उजव्या कडेला रूमी टोपीच्या गोंड्याचा काळा पट्टा अजून दिसतो. म्हातारा तेवढा झाकायला विसरला, किंवा त्यानं मुद्दाम ठेवला असेल. मला दुसरं आवडतं.

रूमी टोपीचं राजकारण तर त्याहून गंमतीचं. तुर्कस्तानात केमाल पाशानं १९२५च्या नोव्हेंबरात कायदा करून ही टोपी बंद केली. तिथं ती घालणं गुन्हा ठरलं, आणि इकडे हैदराबादेत आमचे आजोबा ती घातल्याशिवाय कचेरीची पायरी चढू शकत नव्हते. पत्थरगट्टीत पितळी साच्यावर चढवून टोपी ताठ करून देणारे कारागीर होते, महिन्याला एकदा तिकडे फेरी असायची. १९३१ साली त्याच तुर्कस्तानातून हद्दपार झालेल्या शेवटच्या खलिफाची मुलगी, दुर्रुशहवार, निजामाची थोरली सून झाली आणि तिच्याबरोबर निलोफर धाकटी. लग्नं फ्रान्समध्ये नीस शहरात लागली. या खलिफाबद्दल एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नसते: अब्दुल मजीद हा स्वतः चांगला चित्रकार होता. माणसांची चित्रं काढायचा. राज्य गेलं, पदवी गेली, ब्रश तेवढा उरला. दोघी सुना मात्र हैदराबादेत आल्या आणि साडी नेसायला लागल्या. निलोफरच्या साड्यांचे फोटो जगभर छापले गेले, आणि शहरातल्या शिकलेल्या बायकांनी पदर तिच्यासारखा सोडायला सुरुवात केली. आजीच्या भाषेत, "तुर्काची पोर साडी नेसायला शिकली आणि आपल्या बायका तिच्याकडून शिकल्या."

खुद्द राज्यकर्त्यांचं पाहावं तर सहाव्या निजामाचा, महबूब अली खानाचा, कपड्यांचा कोठा पुरानी हवेलीत आजही बघायला मिळतो. १७६ फूट लांब. एकदा अंगाला लागलेला कपडा तो पुन्हा घालत नसे असं म्हणतात. त्याचा मुलगा उस्मान अली खान. १९३७च्या फेब्रुवारीत 'टाइम' मासिकानं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलेला. आणि हा राजा विटकी शेरवानी आणि घामाचे डाग पडलेली टोपी घालून मोटारीतून हिंडायचा. आजोबा म्हणत, बापानं कपड्यानं राज्य केलं, मुलानं कपड्याला हात न लावता. त्यात त्यांचा कल कुणाकडे होता हे कधी कळलं नाही. टोपी ते मात्र स्वच्छ ठेवत.

आजोबा विवेकवर्धिनीत शिकले. १९०७ साली निघालेली ही शाळा हैदराबादच्या मराठी माणसांचं माहेर. तिच्या स्थापनेत केशवराव कोरटकरांसारख्या वकिलांबरोबर एका चित्रकाराचाही हात होता. सावंतवाडीकडच्या कोलगावचे श्रीपाद दामोदर सातवळेकर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून मेयो पदक मिळवलेले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी हैदराबादेत स्टुडिओ थाटला आणि माणसांची चित्रं काढून पोट भरलं. जुने मास्तर वर्गात सांगायचे म्हणे, पंडितजी पहाटे वेदाची पोथी उघडायचे आणि दुपारी अमीर-उमरावांच्या मिशा रंगवायचे. वेदाच्या पोथीतून त्यांनी जे अर्थ काढले ते इंग्रजांना मानवले नाहीत. हैदराबाद सोडावं लागलं. मग हरिद्वारचं गुरुकुल, मग लाहोर, तिथंही पोटापाण्याला पुन्हा स्टुडिओच, मग औंध, शेवटी पारडी. १९६८ साली वयाची शंभरी गाठून ते गेले, तेव्हा महाराष्ट्र त्यांना वेदमूर्ती म्हणून ओळखत होता. ब्रश धरलेल्या सातवळेकरांची आठवण हैदराबादच्या चार म्हाताऱ्यांपलीकडे फारशी कुणाला नव्हती. पुढे त्यांचा मुलगा माधव सातवळेकर मोठा चित्रकार झाला, तेव्हा बापाचं राहिलेलं काम मुलानं पुरं केलं असं आजोबा म्हणाले होते.

सातवळेकरांपेक्षा मला जास्त ओढ लागली ती देऊसकरांची. रामकृष्ण वामन देऊसकर हे निजामाच्या दरबारात नावाजलेले चित्रकार. नगरला जन्मलेला त्यांचा पुतण्या गोपाळ लहानपणीच पोरका झाला आणि काकांकडे हैदराबादेत वाढला. पुढे तो मुंबईला जे. जे.त गेला, तिथून निजाम सरकारची शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या रॉयल अकॅडमीत, आणि परतल्यावर गोपाळ देऊसकर हे मराठी मुलखातलं व्यक्तिचित्रणातलं पहिल्या ओळीतलं नाव झालं. पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरातली भित्तिचित्रं त्यांची. पण आमच्या घरातल्या दोन फोटोंमुळे मला त्यांची आठवण होते ती दुसऱ्याच कामासाठी. १९६८च्या २६ जूनला पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. तिथं देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत. एकात पुरुषवेशातले नारायणराव राजहंस, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेतले बालगंधर्व. खानदानी बाईनं पदर कसा घ्यावा, अंबाड्यात फुलं किती माळावीत, दागिना कुठं थांबवावा, हे महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या बायका या माणसाकडे बघून शिकल्या. त्यांनी स्त्रीवेश उतरवून प्रभातच्या 'धर्मात्मा'त एकनाथांची भूमिका केली, तर प्रेक्षकांना ते पटेना. कोणता नारायण खरा हे प्रेक्षकांनी ठरवून टाकलेलं होतं. देऊसकरांनी मात्र ठरवलं नाही. दोन्ही चित्रं तोलामोलाची. हा माझा आपला तर्क आहे, पण ज्या शहरात घरोघरी दाराशी दोन खुंट्या होत्या, त्या शहरात वाढलेल्या चित्रकाराला 'यातलं खरं कोणतं' हा प्रश्न पडलाच नसेल.

तसं म्हटलं तर सालारजंग संग्रहालयातला एका लाकडाचा पुतळा प्रत्येक हैदराबादी पोरानं पाहिलेला असतो. पुढून ऐटबाज मेफिस्टोफिलिस, आणि मागच्या आरशात मान खाली घातलेली मार्गारेटा. आत्या आम्हाला सुट्टीत तिथं न्यायची आणि घड्याळाचे टोल ऐकायला सगळी पळाली की ती एकटी त्या आरशापुढे उभी राहायची.

शेरवानीविषयी बाबांचं आणि आजोबांचं कधी जमलं नाही. उस्मानिया विद्यापीठ आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९१८ साली उर्दू माध्यमात सुरू झालेल्या या विद्यापीठात शेरवानी हाच विद्यार्थ्याचा वेश. १९३८च्या अखेरीस वसतिगृहातल्या पोरांनी वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्यांना काढून टाकलं, त्यातली कितीतरी नागपूरला जाऊन शिकली. त्याच वर्षी स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, आर्य समाजाचा सत्याग्रह. पांढरी टोपी शहरात दिसायला लागली ती तेव्हापासून. बाबा त्या वेळी लहान. पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्यांनी खादीची टोपी पैदा केली आणि आजोबांच्या खुंटीवर, शेरवानीच्या बरोबर वर, टांगली. आजोबांनी ती उचलली नाही. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून तिसरी खुंटी ठोकून घेतली.

"गुलामीचा झगा" असं बाबा शेरवानीला म्हणायचे. आजोबांचं उत्तर ठरलेलं असे. शेरवानीचं कापड चिमटीत धरून विचारायचे, "हे कुठलं? हिमरू. कुठं विणतात? औरंगाबादेत. सूत आणि रेशीम आपल्या मुलखातलं, विणणारा आपल्या मुलखातला, शिवणारा सुलतान बाजारातला. मग झगा कुणाचा?" बाबांकडे याला उत्तर नव्हतं. पण वय पंधराचं असलं की उत्तराची गरजही नसते.

१९४७-४८चं मात्र आजोबा स्वतःहून कधी सांगत नसत. आत्यानं सांगितलं, तेही ते गेल्यावर. रझाकारांच्या दिवसांत आजोबांना परभणीकडे जावं लागलं, त्यांची आई तिकडे एकटी होती. गाडीत ते शेरवानी-टोपीत बसले, उर्दू बोलले, नाव कुणी विचारलं नाही. आईला घेऊन सुखरूप आले. येताना डब्यात ती पदर पुढे ओढून मुक्यानं बसली होती. मग सप्टेंबर १९४८. पाच दिवसांत पोलीस ॲक्शन आटोपली आणि वारा उलटा फिरला. मराठवाड्यात सुडाला ऊत आला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं पुढे दिलेला अहवाल कित्येक वर्षं सरकारी कपाटात पडून होता, पण अंबरपेठेत बातम्या काचीगुड्याच्या गाडीनं रोज येत होत्या. आजोबांच्या कचेरीतले एक मुसलमान कारकून एका रात्री मागच्या दारानं आले. त्यांचे आईवडील जिंतूरकडे अडकलेले, आणायला जायचं होतं. आजोबांनी त्यांना आपलं धोतर दिलं आणि चुलीजवळच्या अंधारात नेसायला शिकवलं. निऱ्या जमेनात. शेवटी आजीनं पुढे होऊन एका लहान मुलाला नेसवावं तसं नेसवलं. उपरणं दिलं, कपाळाला गंध लावलं. तो माणूस रडत होता की गंध ओघळत होतं, ते आत्याला कळलं नाही. ती बारा वर्षांची होती.

ते धोतर परत आलं नाही. माणूसही आला नाही. पाकिस्तानात गेले असतील असं आजोबा म्हणायचे, आणि विषय तिथं थांबवायचे.

कचेरीतल्या रूमी टोप्या काही आठवड्यांत दिसेनाशा झाल्या. सगळे गांधीटोपीत. आजोबांनी गांधीटोपी घातली नाही. आयुष्यात पहिल्यांदा बोडक्यानं कचेरीत गेले आणि निवृत्त होईपर्यंत तसेच गेले. शेरवानी तीच. रूमी टोपी आजीनं उलटी करून तिच्यात सुईदोरे आणि गुंड्या ठेवायला सुरुवात केली. त्या टोपीतून गुंडी शोधून शर्टाला लावण्याचं काम मी शाळेत असताना केलेलं आहे.

आता पणजीच्या तसबिरीकडे येतो.

गाडीतून मुक्यानं आलेली आजोबांची आई अंबरपेठेत वर्षभर राहिली आणि १९४९ साली गेली. तिचा फोटो नव्हता. तिचा नवरा प्लेगात गेला तेव्हा आजोबा मांडीवर होते. त्या दिवसापासून तिच्या अंगावर लाल आलवण आणि डोक्यावर वस्तरा. अशा बाईचा फोटो काढण्याचं कुणाच्या मनात येत नसे, आणि आलं तरी बाईच बसली नसती. हैदराबादेत लाला दीनदयाळांनी पडद्यातल्या बेगमांसाठी १८९२ सालीच जनाना स्टुडिओ काढला होता, आत फोटो घेणारी इंग्रज बाई. बेगमांची सोय झाली. आमच्या पणजीला पडदा नव्हता, तिला नुसतं दिसायचं नव्हतं.

१९५३ साली आजोबांनी आईची तसबीर करून घ्यायचं ठरवलं. सरकारी कलाशाळेत शिकलेला एक तरुण मराठी चित्रकार होता. शहरात तेव्हा अशा पोरांना बरे दिवस होते, सुकुमार देऊसकरांसारखा चित्रकार त्या शाळेचा प्राचार्य होऊन गेलेला. पोरगा म्हणाला, फोटो द्या. फोटो नाही म्हटल्यावर म्हणाला, तिच्यासारखं दिसणारं कुणी? बोट आत्याकडे गेलं. आत्या सतरा वर्षांची, नुकतीच मॅट्रिक झालेली.

आठवडाभर दुपारची तिला ओसरीवर बसवली. शेजारणीकडून पैठणी आणली. नऊवारी आत्याला नेसता येत नव्हती, ती सहावारी गोल नेसणारी पहिली पिढी. आजीनं नेसवली. नाक टोचलेलं नव्हतं म्हणून दाबाची नथ, ती घसरायची आणि चित्रकार ब्रश दातात धरून थांबायचा. अंबाडा, खोपा, ठसठशीत कुंकू, हिरवा चुडा. आजोबा मागे खुर्ची टाकून बसत आणि एकच सांगत, "केस भरपूर काढा." घरातली जुनी माणसं एकेक करून यायची आणि सूचना करायची. हनुवटी अशी नव्हती, भुवया जाड होत्या, रंग उजळ होता. एका म्हणण्याचा दुसऱ्याला पत्ता नाही. आत्या म्हणते, "डोळे माझे, हनुवटी मावशीआजीच्या आठवणीतली, आणि कपाळ कुणाचंच नाही. चित्रकाराचं असेल."

तसबीर पुरी झाली. आजोबा तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि "हीच" म्हणाले. ज्या आईला त्यांनी केसांसकट कधी पाहिलंच नव्हतं, ती ओळखू आली. गेली सत्तर वर्षं ती आमच्या बैठकीत आहे. लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेनं तिला नमस्कार केलाय. माझ्या चुलतबहिणीला लहानपणापासून सगळे सांगत आले, अगदी पणजीवर गेली आहेस हो! ती आत्यावर गेली आहे, एवढंच त्यात खरं.

मला ही गोष्ट फार आवडायची. मुलानं आईला तिचे केस परत दिले, असं मी एकदा भारावून म्हणालो. आत्या पोहे निवडत होती. तिनं ताट बाजूला ठेवलं.

"तू बघितलं नाहीस तिला," ती म्हणाली. "मी वर्षभर तिच्या कुशीत झोपले. लाल लुगडं, डोक्यावर पदर, हातात काही नाही. त्या हातांनी तिनं तिकडे एकटीनं शेत केलं, कुळांशी भांडली, मुलाला शिकवलं. कोर्टात गेली होती ती, आलवणात. पाटील उठून उभा राहायचा. ती बाई कुठाय तुझ्या तसबिरीत? तिथं सतरा वर्षांची एक नटवलेली पोर बसलीय, नथ सावरत. अण्णांना सवाष्ण आई हवी होती, त्यांनी काढून घेतली. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिनं नथ उचलून फेकून दिली असती."

यावर मी काही बोललो नाही. आजोबांना शेरवानी नको झाली की उतरवता येत होती, टोपीची पगडी करून घेता येत होती, वेळ आली तर बोडकं जाता येत होतं. पणजीच्या अंगावर आलवण इतरांनी चढवलं आणि ते उतरवलंही इतरांनीच, ती गेल्यावर चार वर्षांनी. दोन्ही वेळा तिच्या भल्यासाठी.

१९५६च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशात राहिलं आणि आम्ही हैदराबादबरोबर राहिलो. नातेवाईक म्हणाले, आता या. आजोबा म्हणाले, घर इथं आहे. त्यानंतर आमच्या घरचे फोटो फार भराभर बदलत गेले, ते सगळे सांगत बसत नाही. बाबांनी खादी सोडून बुशकोट घातला. मी बेलबॉटम घातली, तिचा पुरावा नष्ट केलेला आहे. पुढच्या पिढीच्या लग्नात हळदीला पिवळं, संगीताला लेहंगा, मुहूर्ताला नऊवारी आणि रिसेप्शनला, आजोबांनी बघायला हवं होतं, नवरदेव शेरवानीत. नऊवारी आता शिवून मिळते, चेन लावलेली. नात्यातल्या एका मुलीनं ती दीड मिनिटात चढवली तेव्हा आत्या खूष झाली. निऱ्या बरोबर आल्या का एवढंच तिनं तपासलं.

पुण्याच्या नातेवाईक बायका आल्या की आत्या त्यांना एक गोष्ट हटकून ऐकवते. त्या नारायणपेठ साडी आपली म्हणून कौतुकानं नेसून येतात. आत्या विचारते, "नारायणपेठ कुठं आहे?" कुणी म्हणतं सोलापूरकडे, कुणी म्हणतं पुण्यात नारायण पेठ आहे की! "तेलंगणात आहे," आत्या म्हणते, "बसनं जाऊन येता येतं." महाराजांच्या दक्षिणेच्या स्वारीबरोबर आलेले विणकर तिथं मागे राहिले, अशी तिकडची दंतकथा. ती खरी असो नसो, आत्या ती अशा थाटात सांगते, जणू मागे राहिलेल्यांच्या यादीत आपलंही नाव आहे.

आत्या आता नव्वदीला टेकली आहे. लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली, पन्नाशीला पंजाबी ड्रेस घालायला सुरुवात केली आणि साठीला स्कूटर विकली. गेल्या महिन्यात तिनं मला बोलावून घेतलं. म्हणाली, माझा फोटो काढायचाय, चांगला, नंतर लागतो तो. मी म्हटलं, असं काय बोलतेस. ती म्हणाली, बोलू नको, काढ. चुलतबहीण म्हणाली, आत्या, ती अंजिरी पैठणी नेस ना, शोभेल भिंतीवर.

"पैठणीतली मी भिंतीवर आहे सत्तर वर्षं," आत्या म्हणाली. "लोक तिला नमस्कार करतात. मला दुसरी पाहिजे."

तिनं फिरोजी कुर्ता काढला. त्यावर चष्मा. केस पांढरे, आखूड कापलेले, मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या वेळी कापून घेतलेले, आता तिला तेच बरे वाटतात. दागिना नको. हातात काय घेऊ म्हणाली, मग स्वतःच बँकेचं जुनं पेन काढून आणलं. अंगणात उजेड चांगला होता, पण पलीकडे नवं अपार्टमेंट उठतंय, मागे सळया यायला लागल्या. मी म्हटलं, आत बसू, मागे पडदा लावू.

"पडदा नक्को," ती म्हणाली. "सळया येऊ दे. अंबरपेठ आहे ते."

मोबाईलवर मी बरेच फोटो काढले. तिनं एकेक पाहून सगळे पुसायला लावले, एक ठेवला. त्यात तिचे डोळे अर्धे मिटलेले आहेत आणि ती मला काहीतरी ओरडते आहे. हा कसा लावायचा, असं चुलतबहिणीनं विचारलं. दोघींचं अजून भांडण चालू आहे, आणि फ्रेमवाल्यानं माप विचारायला दोनदा फोन केलाय.